उठाबशांची हजेरी

खोटं लिहायला शाळा शिकावी लागते असं कुणी म्हणत असेल, तर त्यानं गारखेड्यातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्रिजकडं एकदा बघायला हवं होतं. दगडाबाईला सहीपुरतं लिहिता यायचं, तेही पेन तीनदा झटकून. पण बरोबरची खूण करायला काय लागतं? एक छोटी रेघ खाली, एक लांब रेघ वर. नवरा वह्या तपासायला बसला की चुलीपुढून ती हे वर्षानुवर्षं बघत आली होती. हात आपोआप वळला.

फ्रिजवर चुंबकानं एक तक्ता लावलेला होता. तीस दिवस, आणि दिवसाला तीन घरं: सकाळ, दुपार, संध्याकाळ. पहिल्या चार दिवसांच्या खुणा खऱ्या होत्या. पाचव्या दिवसापासूनच्या साऱ्या दगडाबाईच्या, आणि त्याही गुरुजींच्याच खिशातल्या लाल पेनानं केलेल्या.

आता गुरुजी कोण, ते सांगितल्याशिवाय या खुणांचं पाप कळायचं नाही. रामकिसन गुरुजी, कन्नडच्या पलीकडं घाटाच्या अंगाला असलेल्या एका गावाच्या शाळेत छत्तीस वर्षं. अख्खं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं, म्हणून बायकोही गुरुजीच म्हणायची. दोन गोष्टींसाठी त्यांचं नाव होतं. एक म्हणजे हजेरी. साहेब तपासणीला यायचे तेव्हा निम्मी पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली असायची. बाकीचे मास्तर सगळ्यांना हजर दाखवून मोकळे व्हायचे. गुरुजी मात्र त्या पोरांपुढं ‘गै’ लिहायचे, गैरहजरचा गै, आणि वरून मेमो आला की तो घडी करून कपाटात ठेवायचे. हजर लिहिल्यानं पोरगं वर्गात येऊन बसतंय व्हय, एवढंच त्यांचं म्हणणं.

दुसरी गोष्ट उठाबशा. उशीर झाला, घे वीस. पाढा चुकला, घे वीस. स्वतः समोर उभं राहून मोजायचे, आणि एकोणिसाला कुणी टेकला तर परत एकापासून. आज तालुक्यातले निम्मे सरपंच गुरुजींपुढं कान धरून मोठे झालेत, आणि अजून रस्त्यात दिसले की गुडघे चोळून दाखवतात.

तर असा माणूस. दोन हजार पंधराच्या फाल्गुनात त्याला ताप भरला. पाऊस आदल्या साली रुसलेलाच होता, गावच्या विहिरी संक्रांतीलाच तळाला गेलेल्या, आणि त्यात ही स्वाईन फ्लूची साथ. चौथ्या दिवशी गुरुजींना दम लागला. मुलगा शिवराज गाडी करून आला आणि थेट शहरातल्या दवाखान्यात घेऊन गेला. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया. अकरा दिवस श्वासाच्या मशीनवर, पुढं आठ दिवस नुसतं पडून. त्या एकोणीस दिवसांत दगडाबाईनं काचेच्या दाराबाहेर बसून इतके नवस बोलले की फेडायचं म्हटलं तर दुसरा जन्म लागावा.

देवानं ऐकलं. माणूस जिवंत परत दिला. पण अर्धाच दिला, असं तिला वाटायचं, आणि मग असं वाटल्याबद्दल ती स्वतःच्या तोंडात मारून घ्यायची. शाळेला सायकलवर घाट चढून जाणारा हा गडी. त्याच्या मांड्यांची कातडी आता सैल पायजम्यासारखी लोंबत होती. पाण्याचा तांब्या दोन हातांनी उचलावा लागायचा. कुशीवर वळवायला माणूस लागायचं. केस विंचरायला घेतले की कंगवा अर्ध्यावरून खाली यायचा. डॉक्टरांनी समजावलं होतं की आजारानं आणि पडून राहण्यानं अंगातलं मांस खाऊन टाकलंय. फुप्फुसं आपली आपण सुधारतील, पण पायांतली ताकद मात्र काम केल्याशिवाय परत येत नाही, आणि ते काम पहिल्या महिन्या-दीड महिन्यातच करून घ्या.

शिवराजनं दोघांना शहरात, आपल्या गारखेड्याच्या फ्लॅटवर आणलं. त्यानं आणि सुनेनं, सोनियानं, जिवापाड केलं, कुणी नाव ठेवावं असं काही नव्हतं. पण दोघंही नोकरीवाली, सकाळी आठला बाहेर. दिवसभर दगडाबाई आणि गुरुजी. खिडकीतून बघावं तर जिथं तिथं नवीन इमारतींचे सांगाडे. तिथल्या सिमेंटवर दिवसभर पाईपानं पाणी मारणं चालायचं, आणि यांच्या नळाला चार दिवसांतून एकदा तासभर पाणी. बोअर तर होळीलाच आटली होती. दगडाबाईला हे शहर काही उमगत नव्हतं. तिचा जीव गावातल्या दोन खोल्यांत होता, अंगणातल्या लिंबात होता. शेजारची गोजरबाई रोज फोन करायची. टँकरचं पाणी आलं की तुमच्या लिंबाला तांब्याभर घालते म्हणून सांगायची, आणि शेवटी एकच विचारायची, कधी येता?

शिवराजनं बजावून ठेवलं होतं. मनस्विनी मॅडम हो म्हणेपर्यंत गावाचं नाव काढायचं नाही. तिथं रात्री-अपरात्री काही झालं तर कोण आहे?

मनस्विनी म्हणजे व्यायाम घेणारी डॉक्टरीण. उस्मानपुऱ्यातली मुलगी, तिशीच्या आतली, बोलायला गोड आणि घड्याळावर नजर. दर शनिवारी सकाळी यायची. पहिल्याच शनिवारी तिनं हाताची खुर्ची भिंतीला लावली, गुरुजींना त्यावर बसवलं आणि सांगितलं, काका, उठायचं आणि बसायचं. पाच वेळा. दिवसातून तीनदा. एवढं केलंत तर बाकी मी बघते.

गुरुजी तिच्याकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “कान धरायचे का?”

मनस्विनी खळखळून हसली. काका विनोदी आहेत म्हणाली. गुरुजी हसले नव्हते, ते फक्त दगडाबाईनं बघितलं.

पहिले चार दिवस त्यांनी केलं. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन, दात आवळून, तिसऱ्या वेळी मांड्या थरथरायला लागायच्या, चौथ्या वेळी मागं धपकन बसायचे आणि छाती भात्यासारखी चालायची. चौथ्या दिवशी संध्याकाळी सोनिया चहा घेऊन आली तेव्हा ते असेच अर्ध्यात अडकले होते, ना वर ना खाली. सुनेसमोर. तिनं कप ठेवून आधार दिला, चांगल्या मनानं म्हणाली, मामा, शाब्बास, अजून एक. गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. शाब्बास हा त्यांचा शब्द होता, पोरांना म्हणायचा.

पाचव्या दिवशी सकाळी दगडाबाईनं खुर्ची ओढली तर त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. आज नको म्हणाले. तिलाही हायसं वाटलं, खोटं कशाला बोला. यमाच्या दाढेतून ओढून आणलेला माणूस, त्याला उठाबशा काढायला लावायच्या? त्यानं काय पाढा चुकवला होता? तिनं आपला विचार केला: पोटभर खाऊ घालू, तूप घालू, निजू देऊ, अंग आपोआप भरेल. मग तिनं फ्रिजवरचा तक्ता बघितला. रिकामं घर दिसलं असतं तर शिवराज रागावला असता. रिकामी घरं राहिली असती तर गावाला जाणं लांबलं असतं. लाल पेन हाताशीच होतं.

एकदा केलेली खूण दुसरीला बोलावते. दुपारी केली, संध्याकाळी केली. दुसऱ्या दिवशी तर गुरुजी नको म्हणायच्या आधीच तिनं केली.

शनिवारचं काय, म्हणाल? शनिवारी गुरुजी आठवड्याभराची साठवलेली ताकद एकदम काढायचे. परक्या पोरीसमोर नापास व्हायला तो माणूस तयार नव्हता. घाम गाळून पाच पुऱ्या करायचे आणि ती गेली की दिवसभर मेल्यासारखे निजायचे. मनस्विनीला वाटायचं, आठवडाभर दिवसाला पंधरा केल्यात, थकणारच. तिसऱ्या शनिवारी तर तक्त्यावर बोट फिरवून ती खूष झाली. एकही घर रिकामं नाही, असा पेशंट मी पहिला बघते म्हणाली. आणि तिनं पुढची पायरी सांगितली. आता काकांना धरायचं नाही. संडास-बाथरूमला एकटं जाऊ द्यायचं. पुढच्या शनिवारी जमिनीवर बसून आपले आपण उठून दाखवलं की गावाला जायला माझी हरकत नाही.

त्या दिवशी गुरुजींच्या तोंडावर महिन्याभरानं हसू आलं. दगडाबाईनं गोजरबाईला फोन लावून सांगितलं, शनिवार झाला की येतो, चुलीला पोतेरं देऊन ठेव.

मंगळवारी सकाळी अकराला खाली टँकर आला. सोसायटीत टँकर आला की काय होतं ते त्या उन्हाळ्यात शहरात राहिलेल्यालाच विचारा. लिफ्ट सोडून लोक जिन्यानं पळायचे. ज्याचा नंबर हुकला त्यानं पुढं चार दिवस भांडी राखेनं घासावीत. दगडाबाईनं दोन कॅन उचलले आणि गुरुजींना बजावलं की मी येईस्तोवर पलंगावरून हलू नका. गुरुजी म्हणाले, तुझ्या मॅडमनं एकट्यानं जायला सांगितलंय. ती दारातून परत फिरली, त्यांच्याकडं बघितलं, काहीतरी बोलणार होती. खालून हॉर्न वाजला आणि ती गेली.

पाऊण तास गेला. नळीवरून दोन बायकांचं भांडण जुंपलं, ते मिटवायला वॉचमन फकिरा मधे पडला, आणि मग कुठं तिचा नंबर आला. कॅन घेऊन वर आली तर पलंग रिकामा. बाथरूमचं दार आतून लावलेलं. आतून प्लास्टिकचा मग फरशीवर आपटल्याचा आवाज येत होता, थांबून थांबून, एकेकदा.

तिनं हाक मारली. आतून आवाज आला, पण इतका बारीक की तिला कान दाराला लावावा लागला. गुरुजी कमोडवरून उठताना घसरले होते आणि कमोड आणि भिंतीच्या मधे अडकून बसले होते. डावं मनगट अंगाखाली आलं होतं. कडी लावली होती वरची. घरात दुसरं कुणी नसताना कडी कशाला लावायची? पण आयुष्यभर लावत आलेला माणूस, अब्रूचा माणूस. ती कडी आता त्याच्या डोक्यावर दोन हात होती, आणि उभं राहिल्याशिवाय तिथं हात पोचत नव्हता.

“गुरुजी, उठा. भिंतीला धरा अन् उठा.”

आतून फरशीवर पाय घासल्याचा आवाज आला. मग धप्पकन काहीतरी. मग परत घासल्याचा. ती बाहेरून मोजत होती, तिला कळत नव्हतं ती मोजतेय. एक. दोन. दुसऱ्यानंतर आवाज बंद झाला.

“नाय येत उठता, दगडे. पायात काहीच नाय ऱ्हायलं.”

ती तिथंच दारापाशी खाली बसली. पातळ ओलं, हाताला कॅनचा वळ. तिला रडू आवरेना. इतके दिवस जे गिळून ठेवलं होतं ते तिनं त्या बंद दाराला सांगून टाकलं.

“मीच मारलं तुम्हाला. त्या समद्या खुणा म्या खोट्या केल्या. गावाला जायची घाई झाली मला.”

मग गुरुजी म्हणाले, “ठावं हाय मला. पहिल्याच दिवशी बघितलं. लाल पेन माझ्या खिशातून घेतलं तवा मी जागाच व्हतो.”

“मग बोलला का नाय?”

“बोललो असतो तर काढाव्या लागल्या असत्या.”

तिनं जिन्यातून हाक मारल्यावर फकिरानं येऊन पहार लावून दार उचकटलं. त्यानं आणि तळमजल्यावरच्या एका माणसानं गुरुजींना चादरीत घालून बाहेर आणलं. जिन्यातल्या बायका दारात उभ्या होत्या, हातात रिकाम्या बादल्या घेऊन. गुरुजींनी डोळे मिटून घेतले होते. दगडाबाईनं पदरानं त्यांचे पाय झाकले आणि त्या पायांकडं तिनं पहिल्यांदा नीट बघितलं. गुडघे तेवढे मोठे दिसत होते, बाकी वर-खाली नुसत्या काठ्या.

आणि तिला बाहत्तरचा दुष्काळ आठवला. ती तेव्हा आठ-नऊ वर्षांची. चारा नाही म्हणून गोठ्यातली गाय बसली. बसलेलं जनावर म्हणजे काय, ते शेतकऱ्याच्या लेकीला सांगावं लागत नाही. तिचा बाप रोज सकाळी चार माणसं बोलावायचा, गायीच्या पोटाखालून पोतं घालायचा आणि तिला उचलून उभी करायचा. गाय हंबरायची, पाय लटपटायचे, पोरांना बघवायचं नाही. बाप म्हणायचा, दया करू नका, उभी राहिली तरच वाचंल. शेजारच्या चुलत्याला मात्र दया आली. त्यानं आपली गाय निवांत बसू दिली, पुढ्यात पेंड ठेवली, अंगावर झूल घातली. ती गाय तिथून उठली नाही. बापाची गाय पुढं तीन वेत व्याली.

हे सगळं तिला माहीत होतं. चांगलं डोळ्यांनी बघितलेलं. आणि तरी तिनं नवऱ्यावर झूल घातली. या गोष्टीचा तिला जो संताप आला तो शिवराजच्या रागावण्यापेक्षा फार मोठा होता. शिवराज रागावला खरा, संध्याकाळी एक्स-रे घेऊन आल्यावर बापाला नाही, आईला बोलला. मनगटाला चीर होती. डाव्या हाताला प्लास्टर बसलं.

बुधवारी मनस्विनी आली, शनिवारची वाट न बघता. दगडाबाईनं तिला तक्त्यासमोर उभं करून सगळं सांगितलं, सुनेच्या देखत, काही न लपवता. मुलीनं पिशवी उघडली. तिनं गुरुजींच्या मांडीला मापाची पट्टी लावली, वहीतलं जुनं माप काढून बघितलं आणि खाली बसली. पहिल्या दिवसापेक्षा बोटभर कमी भरलं होतं.

“चूक माझीपण आहे, काकू,” ती म्हणाली. “मी कागद बघत राहिले. ही पट्टी दर शनिवारी माझ्या पिशवीत होती.”

दगडाबाईनं विचारलं, आता गावाला कधी? मनस्विनीनं खोटा धीर दिला नाही, तेवढं तिचं चांगलं. गेलेले दोन आठवडे सगळ्यात मोलाचे होते, ते परत मिळत नाहीत म्हणाली. आता हात पण कामाचा नाही. दिवाळीपर्यंत काठीवर चालतील का, सांगता येत नाही. अजिबात चालणारच नाहीत असंही मी म्हणत नाही. एवढं बोलून तिनं पिशवीतून नवा कोरा तक्ता काढला.

गुरुजी कालपासून कुणाशी बोलले नव्हते. ते पलंगावरून म्हणाले, “जुना आणा.”

सोनियानं फ्रिजवरचा तक्ता आणून दिला. लाल पेन त्यांनी स्वतः खिशातून काढलं. टोपण दातानं काढावं लागलं. मग मांडीवर कागद ठेवून ते एकेका घरात खुणेवर लिहायला लागले. गै. गै. गै. अक्षर गोगलगाईसारखं वाकडं जात होतं, मधेच पेन निसटून चादरीवर पडलं. कुणी उचलून द्यायला गेलं नाही, कारण त्यांनी मान हलवली. पाचव्या दिवसापासून मंगळवारच्या सकाळपर्यंत त्यांनी हजेरी दुरुस्त केली. मधल्या दोन्ही शनिवारच्या सकाळच्या खुणा तेवढ्या तशाच ठेवल्या. त्या खऱ्या होत्या.

हे व्हायला अर्धा तास लागला. मनस्विनीनं त्या अर्ध्या तासात एकदाही घड्याळ बघितलं नाही.

मग ते म्हणाले, खुर्ची लावा.

मनस्विनी पुढं झाली तशी दगडाबाईनं तिला अडवलं. तिनं स्वतः खुर्ची भिंतीला टेकवली, गुरुजींना बसवलं आणि समोर उभी राहिली. हात मागं बांधले, नाहीतर ते आपोआप पुढं गेले असते, तिला माहीत होतं. गुरुजींचा डावा हात गळ्यात. त्यांनी उजव्या हातानं खुर्ची धरली आणि उठले. कमरेतून वाकडे, तोंड लालबुंद, पण उठले. बसले. दम घेतला. परत उठले. तिसऱ्या वेळी वीतभर वर आले आणि तिथंच अडकले. गुडघे थडथड उडत होते. ते दगडाबाईकडं बघत होते, आणि तिला ओरडावंसं वाटलं, पुरे, झालं, तीन झाल्या. तिनं ओठ दाबून धरला. ते मागं कोसळले.

“किती?” श्वास परत आल्यावर त्यांनी विचारलं.

“दोन.”

“लिही.”

नव्या तक्त्याच्या पहिल्या घरात तिनं खूण केली नाही. सोनियाला विचारून, पेन तीनदा झटकून, दोनचा आकडा काढला. घरात मावला नाही, बाजूच्या घरात शेपूट गेलं.

तेवढ्यात गोजरबाईचा फोन वाजला. चुलीला पोतेरं देऊन झालं होतं, लिंबाला नवी पालवी आली होती, शनिवारी जेवायला काय करून ठेवू म्हणत होती. कधी येता? रोज दगडाबाईकडं या प्रश्नाला उत्तर तयार असायचं. आज तिनं फोन कानाला लावून गुरुजींकडं बघितलं. ते डोळे मिटून खुर्चीत बसले होते, छाती अजून वर-खाली होत होती.

“ठावं नाय गं, गोजरे,” ती म्हणाली. “आज दोन झाल्या.”